खारक्यानं डावी चप्पल नेली

हॅलो?… हॅलो, कोन? अक्का?… अगं सुरेखाच बोलतीय, माझा फोन दुसरं कोन उचलनार?… थांब, थांब, घरात रेंज न्हाई, अंगनात येते… हां. आता बोल. न्हाई, न्हाई, बोलू नको! आधी मी बोलते.

अगं ऐक ना, अक्का. त्या लोकांचा फोन आला आसंल तर त्यांचं ऐकून माझ्यावर चिडू नको…

आलाय? करणच्या आईचा?… कधी?… आत्ता? एवढ्या सकाळी?

बाई गं. मग झालंच. एवढ्या सकाळी होकार कोन कळवतंय?… न्हाई, सांगूच नको. काल काय झालं ते आधी माझ्या तोंडनं ऐक, मग काय बोलायचं ते बोल. स्थळ तू आनलंस, सावेडीत तुला त्यांच्या शेजारीच ऱ्हायचंय, मला कळतंय. पन ऐक तर.

व्हय, बांधलं हुतं! बांधलं हुतं म्हनते ना कुत्र्याला. तू तितनं सारखी फोन करून सांगितल्यावर बांधनार न्हाई का?… गोठ्यामागं, लिंबाला… पट्ट्यानंच. पन स्नेहलच्या पप्पांनी पट्टा सैल केला. म्हने, आवळतंय बिचाऱ्याला. आन् खारक्या काय कमी हाय का? मागं मागं सरतो, कान पाडतो, डोकं बारीक करतो, आन् पट्टा राहतो लिंबाला, कुत्रं मोकळं.

काय?… अगं व्हय, आत्ता हितंच हाय. माझ्या पायावर बसलाय. पायाशी न्हाई, पायावर! जमिनीवर एवढी जागा पडलीय, पन साहेबांना माझाच पाय पायजे. आन् आधी गोल गोल गोल फिरला, बसायचं का न्हाई ठरवत, आन् मग धपकन् टाकलं आंग… थांब, स्पीकर लावते, तू बोल काहीतरी… बघ! तुझा आवाज ऐकून मान वाकडी केली. आता दुसरीकडं वाकडी केली. फोनच्या मागं नाक घालून बघतोय, अक्का मावशी कुठं बसलीय आत… अगं हसतीस काय, बोल ना त्याच्याशी!… शिंकला. खूश झाला की शिंकतो तो, तुला म्हाईतीय.

बरं, बरं. कालचं. कालचंच सांगतीय.

आले ना ते, दुपारी. करण, त्याची आई आन् तो सूर्यभानमामा. मामाचे कपडे बघितलेस का कधी? पांढरी प्यांट, पांढरा शर्ट, पांढरे मोजे. कांद्याच्या रानातल्या घरी कोन पांढरे मोजे घालून येतंय?… ते जाऊ दे. बसले. पानी झालं. स्नेहल पोहे घेऊन आली. आन् अक्का, कसं सांगू तुला, खोलीत वारंच न्हाई. मामा घड्याळ बघतोय. करण पोह्यातला शेंगदाना शेंगदाना वेचतोय. हे आमचे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलेले, आज पहिल्यांदाच दिसल्यासारखं. करणच्या आईनं विचारलं, स्वयंपाक येतो का? आन् आपली स्नेहल काय म्हनली म्हाईतीय?… म्हनली, "येतो. तुमच्या मुलाला येतो का?"

अगं मी काय करू! मी चहा उतू घालवला तिकडं.

मुलगी तरी काय करनार गं? मागच्या दोन्ही वेळंला ते लोक खाऊनपिऊन, गोड बोलून, "कळवतो" म्हनून गेले. कुनी कळवलं? हे स्थळ आलं त्या दिवशी रात्री स्नेहल मला म्हनली, "आई, अक्कामावशीनं आनलेलं म्हनून हे शेवटचं. पुढं मी कुनापुढं पोहे घेऊन बसनार न्हाई. कॉम्प्युटर क्लासात शिकवते, सुखात हाय, ऱ्हाईन तशीच." म्हनून तर माझा जीव टांगनीला लागलाय कालपासनं. हे गेलं तर पुढचं दारात सुदिक घेनार न्हाई ती.

हो, हो… सांगते ना. तर पोहे संपले, चहा संपला, आन् करणची आई उठली. पदर सावरला. आन् म्हनली…

"कळवतो आम्ही."

हां. तेच. तोच शब्द. स्नेहलनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई, सरळ ट्रे उचलून आत गेली. मी हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, हसले, पन आतनं संपल्यासारखं झालं. सगळे दारात गेले. आन् करणची आई म्हनती, "माझी दुसरी चप्पल कुठंय?"

अगं व्हय! त्यानंच! अजून कोन?

डावी. डावीच नेतो ना तो. तुझी न्हवती का नेली भाऊबीजेला? दाजी गाडी चालू करून बसले, हॉर्नवर हॉर्न, आन् तू एका पायावर उभी!… हां, आन् मग तू जेवायला थांबलीस. मग दिली का न्हाई आनून? तेच तर त्याचं.

न्हाई, न्हाई, चावत न्हाई. दात सुदिक लावत न्हाई. नुसती नेतो आन् लपवतो. आन् सगळ्यांची न्हाई नेत गं. वायरमन येतो, विम्याचा माणूस येतो, त्यांच्या चपलांकडं ढुंकून बघत न्हाई. ज्याचं येनं आवडलं, जो जाऊ नये वाटतं, त्याचीच नेतो. आन् घरच्यांची तर कधीच न्हाई. हे रोज रानात जातात, स्नेहल रोज गाडीवर श्रीगोंद्याला जाती, पन तिच्या चपलंला त्यानं कधी तोंड लावलं न्हाई. त्याला म्हाईत हाय ना, ही संध्याकाळी येनार. फाटकाशी जाऊन बसतो तिच्या येळंला. माझं घड्याळ चुकंल, त्याचं न्हाई.

तर काय सांगत हुते?… हां, चप्पल! नवी चप्पल, अक्का, कापडबाजारातनं खास कालच्यासाठी घेतलेली, मोत्याची पट्टी. आन् मला तर म्हाईतीय औषध काय. माणूस परत खाली बसलं, निवांत टेकलं, की आपला आपन आनून देतो. मागं पळालं की संपलं, त्याला खेळ वाटतो, मग अख्खं रान पालथं घालावं लागतं. पन हे पाव्हन्यांना सांगायचं कसं गं? नुकतंच "कळवतो" म्हनून उठलेत, आन् मी म्हनू, "बाई, तुमी परत बसा, म्हंजे कुत्रं चप्पल देईल"? त्यांना वाटलं आसतं, मुलगी खपत न्हाई म्हनून चपला लपवायला लागलेत!

वाटलंच! मामाला तेच वाटलं! मी तोंड उघडून कसंबसं म्हनलं, "पाव्हनं, जरा टेकता का, तो आनून देईल," तर मामा लाल. "बसायचं कशाला? चप्पल शोधा!" आन् तेवढ्यात खारक्या कोपऱ्यावर दिसला, चप्पल तोंडात, शेपूट वर, पुढचे पाय जमिनीवर टेकून ढुंगन हवेत. ये, पकड म्हनतोय!

आन् मामा पळाला.

अगं पळाला म्हंजे पळालाच, पांढऱ्या मोज्यांवर! बूट घालायला सुदिक थांबला न्हाई. खारक्या पुढं, मामा मागं, आन् मामाच्या मागं आमचे हे, "अहो थांबा, तिकडं पानी सोडलंय!" सकाळीच पाट फिरवलेला कांद्याला. खारक्या पाटावरनं टुनकन् उडी मारून पलीकडं. आन् मामा…

हो!… हो, बसला! पाटातच बसला मामा!… अगं हसू नको, मला बी येतंय, मला सांगू दे… कमरंपर्यंत न्हाई गं, बुडापर्यंत. पन चिखल, अक्का, काय चिखल! आन् खारक्या काय करतोय? बसला ना मामा? मग हा पन समोर जाऊन बसला. मान वाकडी करून बघतोय. बसलास, बरं केलंस.

आन् तितनं हसायचा आवाज आला. मी वळून बघते तर स्नेहल! दारात, पोटाला हात लावून, डोळ्यातनं पानी. साडी, पदर, सगळं विसरून. ते हसू मी किती महिन्यांनी ऐकलं गं… आन् तिच्या बाजूला करण. तो बी तसाच. वेचून वेचून पोहे खानारं पोरगं, भिंतीला धरून हसतंय!

न्हाई, आई न्हाई हसली. ती एका चपलंवर उभी, तोंड आवळून. मला वाटलं, झालं, आता गाडीत बसायच्या आधीच नकार.

मग स्नेहलनं सूत्रं घेतली हातात. म्हनली, "मामा, उठू नका, पळू नका. पप्पा, तुमी बी थांबा. कुनीच बघायचं न्हाई त्याच्याकडं." आन् करणच्या आईला सरळ म्हनली, "काकू, खरं सांगू? तो तुमच्याजवळच आनून देईल. पन तुमी परत बसल्याबिगर न्हाई. तुमी जाऊ नये म्हनून नेलीय त्यानं. आवडलाय तुमी त्याला."

अगं तसंच म्हनली! आन् ती बाई बघतच ऱ्हायली. म्हनली, "मी? मी तर त्याला हात बी लावला न्हाई." स्नेहल म्हनली, "त्याचं काही सांगता येत न्हाई. आमच्या विमावाल्या भाऊंनी बिस्किटं आनली तरी त्यांची नेत न्हाई."

मग बसली ती. ओट्यावरच. खुर्ची दिली तर नको म्हनली, गुडघा आखडतो म्हने खुर्चीत. मी परत चहा ठेवला. ह्यांनी मामाला मोरीवर नेलं, आन् मामाची प्यांट धुवून दोरीवर. आता ओल्यानं पाव्हना कसा पाठवनार? ह्यांचा पायजमा दिला. मामाला आखूड झाला, घोट्याच्या वर. काय दिसत हुता, अक्का! पन घड्याळ बघायचा थांबला, ते मातर झालं.

हो गं, खारक्या कुठंय तेच सांगते. लांबनं बघत हुता. खात्री करत हुता, बसली का नीट. ती टेकलीय, पन एक पाय खाली, उठायच्या तयारीत. त्याला ते बरोबर कळतं! मग मी चहा दिला. तिनं बशीत ओतला. दोन्ही पाय वर घेतले. आन् बोलायला लागली, अक्का. आपलं आपन. आत तासभर बसली तेव्हा चार वाक्यं बोलली नसंल, ती ओट्यावर धो धो बोलायला लागली. म्हनली, तिसऱ्या मजल्यावर घर, करण सकाळी कंपनीत गेला की संध्याकाळपर्यंत माणसाचं तोंड दिसत न्हाई. टीव्हीशी बोलते म्हनली. मला बघायला आले हुते तेव्हा मी इतकी थरथरले की सासऱ्यांच्या धोतरावर चहा सांडला, म्हनली. आन् हसली! हां, तेव्हा हसली पहिल्यांदा.

आन् ती हसली, तसा हा आला. हळूच, चोरासारखा, भिंतीकडनं. चप्पल आनून तिच्या पायाशी ठेवली. मोत्याचा एक मनी सुदिक सुटला न्हवता. आन् बसला. कुठं बसला सांग… बरोबर! तिच्या पायावर!

मी म्हनलं, आता ओरडती. न्हाई ओरडली. हात पुढं केला, मागं घेतला, परत पुढं केला, आन् ठेवला डोक्यावर. आन् मग अक्का, ती बाई हलायचं नाव घेईना. मी म्हनलं, "बाई, पायाला मुंग्या येतील, उठवू का त्याला?" तर म्हनली, "ऱ्हाऊ द्या. झोपलाय."

पोरं?… पोरं तिकडं लिंबाखाली. पट्टा शोधायला म्हनून गेली, पट्टा लिंबालाच लटकलेला, समोर, तरी सापडेना त्यांना! मी आपली ओट्यावरनं कान लावून. करण सांगत हुता, त्यांच्या कंपनीच्या फाटकावर एक कुत्री हाय, शिफ्टचा भोंगा झाला की गळा काढती. स्नेहल म्हनली, आमचा कारखान्याच्या भोंग्याला काढतो. आन् दोघांनी मिळून तसा आवाज काढून दाखवला! एमायडीशीतलं नोकरीचं पोरगं आन् माझी शिकलेली लेक, लिंबाखाली उभी राहून कुत्र्यावानी ऊऽऽ करतायत! खारक्यानं हितनं सूर लावला. शेजारचा भीमा बांधावर येऊन बघून गेला, काय झालं म्हनून.

रात्री मी विचारलं ना तिला. कसा वाटला म्हनून. भाकरी मोडता मोडता म्हनली, "हसताना बरा वाटतो." एवढंच. पन स्नेहलच्या तोंडनं एवढं म्हंजे लई झालं.

पन आता काय उपयोग गं. जाताना, गाडीत बसताना, करणची आई परत काय म्हनली म्हाईतीय? "कळवतो हं." परत तेच! रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई माझा. मला वाटलं, मामानं वाटेत कान भरले आसतील. चिखल, पायजमा, ते ऊऽऽ… चांगल्या घरात असं हुतं का? आन् आता सकाळी सकाळी तुला फोन. पायजम्याचं म्हनली आसंल. प्यांट वाळलीय म्हनावं, इस्त्री करून पाठवते…

काय?… बोलू देत न्हाई काय, बोल ना. बोल. मी गप्प.

…

काय?

परत सांग. न्हाई, परत सांग, ट्रॅक्टर गेला हितनं… होकार?

होकार म्हनतीस?… अक्का, माझी शपथ?… अगं आधी का न्हाई सांगितलंस! मी कधीची बोलतीय आन् तू… बरं, बरं, मीच बोलू दिलं न्हाई. काय म्हनल्या त्या? शब्दच्या शब्द सांग.

"चप्पल मिळाली तरी उठावंसं वाटंना."

…आसं म्हनल्या?… आसं म्हनल्या त्या? "ज्या घरातनं उठावंसं वाटंना, तितलीच पोरगी पायजे"?… आन् करण?… त्यानं गाडीतच सांगितलं? आमच्या काष्टीची शीव ओलांडायच्या आत?… आन् मामा? मामा काय म्हनला?… पायजमा मोकळा वाटला! अगं बाई, बाई, बाई…

अहो! अहो, ऐकलं का! हिकडं या! कांदा ऱ्हाऊ द्या तो, या आधी! होकार आलाय!… अक्का, हे बघ, फावडं तसंच घेऊन पळत आले. आता उभे हायेत नुसते. बोला की काहीतरी! ही अक्का हाय फोनवर… मान हलवतायत. डोळे पुसतायत आन् म्हनतायत धूळ गेली.

ए खारक्या, ऐकलंस का रे? तुझ्यामुळं… अगं बघ, उठला. आंग झाडलं. चालला कुठंतरी, आपल्याच नादात. जाऊ दे. आज त्याला दूधभाकरी. परवा भाकरी दिली तर तुळशीच्या कुंडीत पुरली, नाकानं माती लोटली, आन् मी बघितलं तर मान फिरवून बसला, मी न्हाई त्यातला म्हनून! पन आज कुठंबी पुरू दे. अख्खी तुळस उपटू दे.

स्नेहल! ए स्नेहल, बाहेर ये!… आवरतीय आत. सव्वाआठला निघती ना ती क्लासला… आली, आली. स्नेहल, मावशी काय म्हनती ऐक… ऐकलंस? आतनं ऐकलंस?… अक्का, लाजली. आपली स्नेहल, लाजली! खाली मान घालून चप्पल घालायला गेली बघ, माझ्याकडं बघंना.

व्हय गं, आता तारीख बघू. साखरपुडा हितंच, दारात मांडव घालू, त्यांच्याकडची माणसं… काय गं? थांब अक्का, ही काहीतरी म्हनती. काय हरवलं?… कुठं बघितलंस? पायरीखाली बघ… चप्पल? तुझी?… एकच?

कोनची?

…अक्का.

अगं अक्का, हिची डावी चप्पल न्हाई. उजवी एकटीच हाय पायरीवर.

न्हाई गं, मी सांगितलं ना तुला आत्ताच, कधीच न्हाई नेली त्यानं हिची. शाळेत जात हुती तवापासनं न्हाई. रोज जाती आन् रोज येती, कशाला नेईल?… तो तितं उभाय. रानाच्या कडंला. तोंडात धरलीय. पन खेळायला न्हाई बोलवत गं. शेपूट खाली हाय. नुसता बघतोय हिच्याकडं.

त्याला कोनी सांगितलं?… फोन तर तू मला केलास.

…न्हाई, न्हाई रडत मी. आनंदच हाय. आनंदच झालाय मला, अक्का… बरं, रडतीय. मग काय करू.

ठेवते मी. मामाचं, तारखेचं, सगळं दुपारी बोलू. ठेव तू… स्नेहल, ए बाळा, पळू नको त्याच्या मागं. हिकडं ये. बस जरा माझ्यापाशी… उशीर हुऊ दे आज. बस म्हनते ना. तू बसल्याबिगर न्हाई आननार तो.